तोच निकेल, तीच सिलिका, मग कॅटॅलिस्ट वेगळा का?

दुधनाकाठ (धागाकर्ती)

आधारावर (धातू धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र पावडरीवर किंवा गोळीवर) बसवलेल्या धातूचे कॅटॅलिस्ट, म्हणजे अभिक्रिया वेगाने घडवणारे उत्प्रेरक, हा विषय आपल्या भागातली बरीच मुलं एमएस्सीच्या प्रोजेक्टला घेतात. संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी, सगळीकडचे प्रबंध माझ्या हाताखालून जातात आणि 'प्रायोगिक भाग' उघडला की तेच वाक्य दिसतं: निकेल नायट्रेटचं द्रावण सिलिकात मुरवलं, १२० अंशांवर वाळवलं, ५०० अंशांवर चार तास कॅल्साइन केलं (म्हणजे मीठ फुटून ऑक्साइड व्हावं म्हणून हवेत तापवलं). संपलं. भट्टी कुठली, पावडरीचा थर किती जाड, झाकण होतं की नव्हतं, हवा खेळती होती की कोंडलेली, तापमान मिनिटाला किती अंशांनी वाढवलं, यातलं काहीच नाही. धातूचे कण केवढे होणार ते नेमकं याच गोष्टींवर ठरतं, म्हणून हा धागा.

नवीन मुलांसाठी आधी एक हिशेब सांगते. कॅटॅलिस्टमध्ये धातू किती टक्के आहे यापेक्षा त्यातले किती अणू पृष्ठभागावर आहेत हे महत्त्वाचं, कारण अभिक्रिया तिथेच होते. प्लॅटिनमचा कण १ नॅनोमीटरचा असेल तर जवळजवळ सगळे अणू बाहेर असतात. ५ नॅनोमीटरला साधारण पाचातला एक आणि १० नॅनोमीटरला दहातला एक. म्हणजे कण मोठे झाले की महागाचा धातू आत गाडला जातो आणि त्याचा काही उपयोग होत नाही. बाहेर असलेल्या अणूंच्या या प्रमाणाला डिस्पर्शन म्हणतात.

आता माझा प्रश्न. सिलिकावर १० टक्के निकेल, साधी इम्प्रेग्नेशन, म्हणजे द्रावण मुरवण्याची पद्धत. एकाच वेळी मुरवलेली आणि वाळवलेली पावडर होती, तिचे दोन भाग केले. एक भाग ट्यूब फर्नेसमध्ये (नळीच्या भट्टीत), वरून हवेचा प्रवाह सोडून. दुसरा मफल फर्नेसमध्ये (बंद पेटीसारख्या भट्टीत), झाकण ठेवलेल्या क्रुसिबलमध्ये, म्हणजे मुशीत. दोन्हींना ५०० अंश, चार तास. एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या विवर्तनात) निकेल ऑक्साइडचा ४३.३ अंशांचा पीक पाहिला. ट्यूबवाल्या नमुन्यात अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.९५ अंश, मफलवाल्यात ०.३ अंश. पीकच्या रुंदीवरून कणांचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्रात घातलं (पीक जितका रुंद तितके कण बारीक) तर पहिल्यात साधारण ९ नॅनोमीटरचे कण आणि दुसऱ्यात २८. उपकरणामुळे येणारी रुंदी वजा केलेली आहे. तापमान तेच, वेळ तोच, तरी तिप्पट फरक. कण वाढण्याला नुसतं तापमान जबाबदार असतं तर हा फरक दिसायलाच नको होता. जाणकारांनी सांगावं.

गोदातीर

मॅडम, मी नांदेडला एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला शिकायलो. आमच्याकडं ट्यूब फर्नेस नाहीच, मफलच आहे. म्हणजे आमचे सगळे नमुने वायाच जायलेत का?

तेरणा

मला वाटतं, तुम्ही एका एक्सआरडीवर जास्त भार टाकताय. शेररचं सूत्र मोठे कणच जास्त दाखवतं. २-३ नॅनोमीटरच्या खालचे कण असतील तर त्यांचा पीक इतका पसरतो की तो पार्श्वभूमीत मिसळून जातो. मफलवाल्या नमुन्यात थोडेसे मोठे कण असतील आणि बाकी निकेल बारीकच असेल, असंही शक्य आहे. टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून कण थेट बघणं) केल्याशिवाय "तिप्पट" म्हणू नका.

दुधनाकाठ

तेरणा, मुद्दा मान्य आहे. टीईएमसाठी नमुने पुण्याला पाठवलेत. पण नायट्रोबेंझीनच्या हायड्रोजनेशनमध्येही (हायड्रोजनशी होणाऱ्या अभिक्रियेतही) मफलवाला नमुना बराच मंद पडतो, त्यामुळे फरक खरा आहे याची मला खात्री आहे.

गोदातीर, वाया काही जात नाही. थांब जरा, उत्तरं येऊ दे.

मांजरा

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर झाकणात आहे. सविस्तर सांगतो. माझी बरीच वर्षं याच कामात गेली आणि हा विषय मला अजूनही जवळचा आहे.

निकेल नायट्रेट हेक्साहायड्रेट ५६-५७ अंशांनाच स्वतःच्या पाण्यात वितळतं. म्हणजे १२० अंशांच्या ओव्हनमध्ये तुम्ही 'वाळवता' तेव्हा सिलिकाच्या छिद्रांमध्ये ते घट्ट द्रवासारखं असतं आणि हलू शकतं. पुढे भट्टीत ते फुटतं. फुटताना नायट्रोजन डायऑक्साइड, ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ निघते. हे वायू लगेच वाहून गेले तर ठीक. झाकणाखाली, जाड थरात ते कोंडले की फुटण्याची क्रिया एकदम भडकते, ऑक्साइडचे कण सैरावैरा सरकतात आणि एकमेकांना जाऊन मिळतात. बहुतेक नुकसान २०० ते ३५० अंशांच्या टप्प्यातच होऊन जातं. पुढचे चार तास ५०० वर ठेवा नाहीतर दोन तास, फार फरक पडत नाही. म्हणून "५०० अंश, चार तास" या नोंदीतून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या गटाने २००७ च्या सुमारास हे फार सुंदर दाखवलं. तोच निकेल नायट्रेट, तोच सिलिकाचा आधार. हवेत तापवला तर मोठे गठ्ठे. हेलियममध्ये १ टक्का नायट्रिक ऑक्साइड मिसळून तापवला तर ४ नॅनोमीटरच्या आसपासचे कण. नायट्रिक ऑक्साइड निघालेला ऑक्सिजन पकडतं, फुटण्याची क्रिया संथ होते आणि मधल्या टप्प्यावर निकेलचा हायड्रॉक्सीनायट्रेट तयार होतो. तो फारसा हलत नाही, जागच्या जागी ऑक्साइड होतो. रेसिपीत बदल फक्त वरून जाणाऱ्या वायूचा, आणि सगळी रचना बदलली.

मुलांनो, नायट्रिक ऑक्साइड कॉलेजात वापरायला जाऊ नका. तो विषारी आहे आणि आपल्याकडच्या फ्यूम हूडवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. मफलमध्येच करायचं असेल तर झाकण काढा, खोल क्रुसिबलऐवजी पसरट चिनीमातीच्या ताटलीत पावडर पातळ पसरा, मिनिटाला १ अंशाच्या वेगाने चढवा आणि भट्टीच्या वरच्या भोकातून हवा जाईल अशी सोय करा. गोदातीर, एवढं केलंस तरी तुझा मफल पुरेसा आहे.

अजून एक. निकेल नायट्रेटच्या बाबतीत हवेतलं कॅल्सिनेशन पूर्ण वगळून सरळ हायड्रोजनच्या प्रवाहात हळूहळू तापवलं तर ॲल्युमिनावर डिस्पर्शन जास्त मिळतं, हे बार्थोलोम्यू आणि फॅराउटो यांनी १९७६ मध्येच दाखवलंय. पण हा नियम सगळ्या धातूंना लावू नका. प्लॅटिनमचं टेट्राअमाइन मीठ सिलिकावर बसवून सरळ हायड्रोजनमध्ये घातलं तर मध्येच एक फिरतं हायड्राइड तयार होतं आणि कण मोठे होतात. तिथे आधी हवेत ३००-४०० अंशांपर्यंत सावकाश तापवून अमोनिया घालवायचा आणि मग रिडक्शन करायचं, म्हणजे धातूच्या रूपात आणायचं. धातू बदलला, मीठ बदललं, की क्रम उलटा होतो.

गोदातीर

काका, लै समजलं. झाकण ठेवायला मला सिनियरनंच सांगितलं होतं, पावडर उडू नये म्हणून.

मांजरा

उडू नये म्हणून झाकणाऐवजी भट्टीतली हवा हळू सोड. ताटलीतली पावडर तेवढ्याने उडत नाही.

वाळूजकर

औषधांच्या कंपनीत हायड्रोजनेशनच्या विभागात आहे, त्यामुळे पॅलॅडियम-कार्बनबद्दल लिहितो. आमच्याकडे "५ टक्के पॅलॅडियम, कार्बनवर, ५० टक्के ओला" असं पिंपावर लिहून माल येतो. दोन पुरवठादारांचा माल कागदावर अगदी सारखा असतो. एकाने अभिक्रिया दोन तासांत संपते, दुसऱ्याने रात्रभर रेंगाळते. खरेदी विभागाला हे पटवून देणं अवघड जातं, कारण विश्लेषणात पॅलॅडियम दोन्हीकडे ५ टक्केच येतं.

फरक असतो तो धातू कार्बनच्या दाण्यात किती खोल गेलाय याचा. औषधांचे रेणू मोठे असतात. बारीक छिद्रांत खोलवर बसलेल्या पॅलॅडियमपर्यंत ते पोचतच नाहीत. आम्हाला धातू दाण्याच्या बाहेरच्या थरात हवा असतो. तो तिथे आणायचा तर द्रावण आधीच थोडं अल्कधर्मी करून पॅलॅडियम हायड्रॉक्साइड होऊ द्यायचं, म्हणजे ते आत न शिरता बाहेरच बसतं. आणि कार्बन काही गप्प बसणारा आधार नाही. तो स्वतःच पॅलॅडियमच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे क्लोराइडच्या आम्लधर्मी द्रावणातून बाहेरच्या पृष्ठभागावर धातूचे मोठे स्फटिक बसतात. म्हणून कार्बनला आधी नायट्रिक आम्लाने धुऊन त्याच्यावर ऑक्सिजनचे गट वाढवतात. आयनांना धरून ठेवायला जागा मिळाल्या की कण बारीक राहतात. शेवटचं रिडक्शन फॉर्माल्डिहाइडने केलं की फॉर्मेटने की हायड्रोजनने, त्यानेही फरक पडतो.

नवीन मुलांना कळकळीने सांगतो, वापरलेला पॅलॅडियम-कार्बन गाळताना फिल्टरवर कोरडा पडू देऊ नका. त्याच्यावर हायड्रोजन धरलेला असतो, बाजूला मिथेनॉलची वाफ असते आणि हवा लागताच पेट घेतो. नायट्रोजनखाली गाळायचं आणि लगेच पाण्यात ठेवायचं. आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत तर फिल्टरकडे पाठ फिरवायची नाही.

दुधनाकाठ

वाळूजकर, "किती खोल गेला" हा मुद्दा तुम्ही काढलात ते फार बरं झालं. मुलं वाळवण्याला थांबण्याचा वेळ समजतात, म्हणून याच्यावर जरा जास्त लिहिते.

गोळी किंवा दाणा द्रावणात भिजवला की आत सगळीकडे मीठ पोचतं. पण वाळताना पाणी बाहेरच्या बाजूने उडतं आणि आतलं पाणी बारीक छिद्रांतून ओढलं जाऊन बाहेर येतं, येताना मीठ घेऊन येतं. जायकवाडीच्या कालव्याखालच्या ज्या जमिनी जास्त पाण्याने चोपण झाल्या, तिथे पृष्ठभागावर क्षाराचा पांढरा थर याच कारणाने येतो. गोळीच्या बाबतीत त्याला अंड्याच्या कवचासारखी रचना म्हणतात. धातू बाहेरच्या पातळ थरात, आत रिकामं.

हे आपल्या हातात ठेवायचं असेल तर मीठ आधाराला धरून ठेवलं पाहिजे आणि तिथे पीएच येतो. प्रत्येक ऑक्साइडचा एक पीएच असतो, तिथे त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार शून्य असतो. सिलिकाचा २ ते ४ च्या दरम्यान, टायटॅनियाचा ६ च्या आसपास, गॅमा ॲल्युमिनाचा ८ च्या आसपास. द्रावणाचा पीएच त्याच्या खाली असेल तर पृष्ठभाग धन, वर असेल तर ऋण. क्लोरोप्लॅटिनिक आम्लातलं प्लॅटिनम ऋण आयनात असतं, म्हणून ते आम्लधर्मी द्रावणात ॲल्युमिनावर घट्ट बसतं आणि सिलिकावर बसत नाही. सिलिकावर प्लॅटिनम हवं तर टेट्राअमाइनचा धन आयन घ्यायचा आणि पीएच वर न्यायचा. ब्रुनेल यांनी १९७८ मध्ये ही मांडणी केली.

माझं नायट्रेटचं द्रावण सिलिकावर जवळजवळ धरलंच जात नाही, कारण त्याचा पीएच निकेलचा आयन सिलिकाला चिकटायला पुरेसा वर नसतो. म्हणून मांजराकाका म्हणतात तसं ते वितळून, सरकून, कुठेही जातं. अमोनिया घालून पीएच १० च्या पुढे नेला तर निकेल घट्ट बसतं, पण मग सिलिकाच थोडी विरघळते आणि निकेलचा फायलोसिलिकेट (सिलिकाशी जोडलेलं थरांचं संयुग) होतो. कण बारीक मिळतात खरे, रिडक्शनला मात्र जास्त तापमान लागतं.

उलट उदाहरणही सांगते. ॲल्युमिनाच्या गोळीत प्लॅटिनम इतकं पटकन चिकटतं की बाहेरच अडकतं, आत जातच नाही. ते आत न्यायचं तर द्रावणात हायड्रोक्लोरिक किंवा सायट्रिक आम्ल घालतात. सायट्रेट बाहेरच्या जागा आधी अडवतं आणि प्लॅटिनमला आत सरकावं लागतं. प्रमाण नीट धरलं तर धातूचं कडं गोळीच्या मधल्या भागात तयार होतं आणि बाहेरचा थर रिकामा राहतो. कॅटॅलिस्टला निकामी करणारं विष बाहेरून येणार असेल तर ही रचना उपयोगी पडते, कारण ते बाहेरच्या थरात अडकतं.

तेरणा

ताई, पीएचबद्दल एक गोष्ट जोडतो. बीकरमधल्या द्रावणाचा पीएच मोजून भागत नाही. इन्सिपियंट वेटनेसमध्ये (छिद्रं भरतील एवढंच द्रावण घालण्याच्या पद्धतीत) द्रव इतका थोडा आणि आधाराचा पृष्ठभाग इतका मोठा असतो की आधारच द्रावणाचा पीएच आपल्या शून्यभाराच्या बिंदूकडे ओढून नेतो. तुम्ही ४ ने सुरू करा नाहीतर १० ने, ॲल्युमिनाच्या लगद्यात इलेक्ट्रोड बुडवला तर ८ च्या आसपासच दिसेल. म्हणजे ज्या बिंदूला काहीच चिकटत नाही तिथेच तुम्ही पोचता. पीएच खरोखर धरायचा असेल तर जास्त पाण्यात, हलवत, शेवटचा पीएच मोजून करावं लागतं.

हीच गोष्ट उलटी वापरली तर शून्यभाराचा बिंदू काढता येतो. वेगवेगळ्या पीएचच्या पाण्यात भरपूर आधार घालून हलवायचं आणि शेवटचा पीएच नोंदवायचा. सगळे एका ठिकाणी येऊन थांबतात, तोच बिंदू. तालुक्याच्या कॉलेजातही हे होतं, फक्त पीएच मीटर नीट कॅलिब्रेट केलेला हवा.

गोदातीर

सर, हे मी करून बघतो. आमच्याकडं पीएच मीटर चांगला आहे. पण पाण्याचं काय? डिस्टिल्ड वॉटर काऊन लागतं एवढं? आमच्या इथं बोअरचंच पाणी, आरओ लावलेलं.

बालाघाट

गोदातीर, तुझा प्रश्न मला फार जवळचा वाटला. आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्लोराइड घेऊन. आरओ त्यातलं बरंच काढतो, सगळं नाही, आणि मेम्ब्रेन जुना झाला की आणखी सोडतो. कॅल्शियम धन आयन आहे, तो सिलिकावर निकेलच्याच जागांवर बसतो. वापरण्याआधी कंडक्टिव्हिटी मोज आणि वहीत लिही. मीटर नसेल तर निदान सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून क्लोराइडची गढूळता बघ.

क्लोराइडचं म्हणशील तर रुथेनियम क्लोराइडपासून बनवलेल्या कॅटॅलिस्टमध्ये उरलेलं क्लोराइड हायड्रोजनची जागा अडवतं. तांब्याला तर ते फारच घातक, तांब्याचे क्लोराइड फिरते असतात आणि कण भराभर वाढवतात. सोन्याचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. जपानच्या हारुता यांनी १९८० च्या दशकात सोन्याचे ५ नॅनोमीटरच्या खालचे कण ऑक्साइडवर बसवले आणि कार्बन मोनॉक्साइड शून्याच्या खालच्या तापमानातही जळताना दाखवला. तोपर्यंत सोनं निष्क्रिय समजलं जायचं. साध्या इम्प्रेग्नेशनने क्लोरोऑरिक आम्ल बसवून तापवलं की क्लोराइडमुळे मोठे गोळे होतात. पीएच ७ ते १० मध्ये हायड्रॉक्साइड बसवून, क्लोराइड धुऊन मग तापवलं की काम होतं.

आता हे धुणं आपल्याकडे कुठून करायचं? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. त्या उन्हाळ्यात ऊर्धपातनाच्या यंत्राला थंड पाणी सतत वाहतं ठेवणं कुणाला परवडलं असतं? म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्या भागातल्या लॅबनी जिथे शक्य असेल तिथे क्लोराइड नसलेलं मीठ घ्यावं. नायट्रेट, ॲसिटेट, अमाइन. मीठ थोडं महाग पडतं, पण पाणी वाचतं आणि नमुनाही स्वच्छ राहतो.

मी स्वतः खाद्यतेलाच्या रिफायनरीत आहे. सोयाबीनचं तेल. नॉर्मन यांचं हायड्रोजन जोडून तेल घट्ट करण्याचं पेटंट १९०२ चं, आणि आजही तिथे निकेलच चालतो. आम्हाला तयार कॅटॅलिस्ट घट्ट केलेल्या वनस्पतिजन्य चरबीत बुडवलेल्या थेंबांच्या रूपात मिळतो, कारण रिडक्शन झालेला निकेल हवेत उघडा ठेवता येत नाही. ट्रायग्लिसराइडचा रेणू मोठा आहे. आधाराची छिद्रं अरुंद असली तर तेल आत अडकून जास्त वेळ राहतं आणि पूर्ण संपृक्त होऊन बाहेर पडतं, म्हणजे हवं तेवढंच घट्ट होण्याची निवड बिघडते. जानेवारी २०२२ पासून ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के झाल्यावर अर्धवट घट्ट केलेलं तेल मागे पडलं, तरी छिद्रांचा प्रश्न तसाच आहे.

वाळूजकर

बालाघाट, पाण्याचा मुद्दा शंभर टक्के पटला.

हवेचंही लिहितो. जुलै-ऑगस्टमध्ये निकेल नायट्रेटची बाटली उघडी राहिली की ते हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. वजन तेवढंच भरतं, निकेल कमी जातं. कोरड्या हेक्साहायड्रेटमध्ये निकेल वजनाने २०.२ टक्के असतं, हा आकडा ओल्या मिठाला लागू नाही. सिलिकाही पाणी धरून बसते, मग तिची छिद्रं भरायला किती द्रावण लागेल हा हिशेब चुकतो आणि जास्तीचं द्रावण दाण्यांच्या बाहेर वाळून मोठे स्फटिक बनवतं. आधार रात्रभर १२० अंशांवर ठेवून डेसिकेटरमध्ये थंड करायचा, आणि छिद्रांचं आकारमान त्याच दिवशी पाण्याने मोजायचं.

कयाधू

लाइट जाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. हिंगोलीला आमची भट्टी मध्येच बंद पडते. परत लाइट आली की काही कंट्रोलर पहिल्यापासून सुरू करतात, काही सरळ ठरलेल्या तापमानाकडे पूर्ण जोराने जातात. दुसऱ्या प्रकारात मिनिटाला १ अंशाचा वेग कागदावरच राहतो.

मांजरा

कयाधू, अगदी बरोबर. कंट्रोलरच्या मेनूत वीज परत आल्यावर काय करायचं ते ठरवता येतं. "थांबून राहा" असं ठेवा. आणि रिडक्शन चालू असताना वीज गेली तर आधी हायड्रोजन बंद करून नायट्रोजन सोडा, भट्टीचं नंतर बघा.

तापमान फार वर गेलं तर काय होतं तेही सांगून ठेवतो. ॲल्युमिनावरचा निकेल हवेत ६००-७०० अंशांच्या पुढे नेला की ॲल्युमिनात शिरून निकेल ॲल्युमिनेट होतो. त्याला परत धातू करायला ८०० अंशांच्या आसपास हायड्रोजन लागतो. कोबाल्टचं तसंच, तिथे पावडर निळी झाली की समजायचं. टायटॅनियाची गोष्ट आणखी वेगळी. टॉस्टर आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवलं की टायटॅनियावरचं प्लॅटिनम २०० अंशांवर रिड्यूस केलं तर हायड्रोजन नीट धरतं आणि ५०० वर केलं तर जवळजवळ धरतच नाही. कण वाढलेले नसतात. टायटॅनियाचाच अर्धवट रिड्यूस झालेला पातळ थर सरकून धातूवर चढतो. ऑक्सिजनमध्ये तापवून परत कमी तापमानाला रिड्यूस केलं की धातू उघडा पडतो. म्हणून केमिसॉर्प्शनचा (धातूच्या पृष्ठभागाने किती वायू धरला त्याचा) आकडा कमी आला की लगेच "कण मोठे झाले" असं लिहू नये.

पॅलॅडियमवर हायड्रोजन केमिसॉर्प्शन करणाऱ्यांनीही जपावं. खोलीच्या तापमानाला पॅलॅडियम हायड्रोजन आतमध्येही शोषतं, हायड्राइड होतं आणि आकडा फुगतो. तिथे कार्बन मोनॉक्साइड वापरा किंवा तापमान १०० च्या आसपास ठेवा.

दुधनाकाठ

टीईएम आलं. तेरणा, तुमची शंका रास्त होती, मफलवाल्या नमुन्यात २८ च्या बरोबरीने ६-७ नॅनोमीटरचेही कण आहेत, पण बहुतेक निकेल मोठ्या गठ्ठ्यांतच आहे. ट्यूबवाल्यात गठ्ठे जवळपास नाहीत.

मांजराकाका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तीच वाळलेली पावडर पसरट ताटलीत पातळ पसरून, झाकण न ठेवता, मिनिटाला १ अंशाने, मागून हवा सोडून मफलमध्येच तापवली. पीकची रुंदी ०.७ अंश आली, म्हणजे साधारण १२ नॅनोमीटर. ट्यूब फर्नेसच्या बरीच जवळ. गोदातीर, बघितलंस?

टीपीआरही (हायड्रोजनमध्ये तापवत नेऊन रिडक्शन कुठल्या तापमानाला होतं ते बघणं) करून घेतलं. मुख्य पीक ३८० अंशांना आणि ५६० च्या आसपास एक छोटा खांदा. रिडक्शन ४५० वर करू की ५५० च्या पुढे जाऊ?

गोदातीर

बघितलं मॅडम! मी उद्याच तीन जाडीच्या थरांवर करून बघायलो. माझ्या प्रोजेक्टचा एक तक्ता यातूनच होईल.

मांजरा

गोदातीर, थराची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून लिही, आणि ताटलीचा फोटोही ठेव.

ताई, तो खांदा म्हणजे सिलिकाशी घट्ट जोडलेला निकेल. तो मिळवायला ५५० च्या वर गेलात तर बाकीचे बारीक कण वाढतील. मी ४५० वरच राहीन, वेळ वाढवेन आणि हायड्रोजनचा प्रवाहही वाढवेन, कारण रिडक्शनमध्ये निघणारी पाण्याची वाफ साचली तर ती रिडक्शन अडवते आणि कण वाढायलाही मदत करते. हायड्रोजनचं केमिसॉर्प्शन झालं की त्याच नमुन्यावर ४०० अंशांच्या आसपास ऑक्सिजन किती घेतला जातो ते मोजा. त्यावरून निकेल किती टक्के रिड्यूस झालाय ते कळेल, आणि डिस्पर्शन काढताना भागायला तोच निकेल घ्या, टाकलेला सगळा नाही. बाहेर काढण्याआधी खोलीच्या तापमानाला नायट्रोजनमध्ये १ टक्का ऑक्सिजन हळूहळू सोडून पृष्ठभाग झाकून घ्या.